दोन दिवसांचा नियम

खोलीतले दिवे पहिल्यांदा गेले तेव्हा मी इशाऱ्याच्या तिसऱ्या वाक्यावर होतो.

पहिली दोन वाक्ये इंग्रजीत, छापील कागदावरून, कुठेही न अडखळता वाचून झाली होती: मी बँकेच्या विधी विभागाचा प्रमुख आहे, मी बँकेची बाजू पाहतो, तुमची व्यक्तिशः नाही. तिसरे वाक्य असे, की या संभाषणावर हक्क बँकेचा आहे आणि तुम्हांला न विचारता बँक ते त्रयस्थांपुढे ठेवू शकते. त्रयस्थांपाशी पोहोचलो आणि अंधार झाला. छताला हालचाल टिपणारा डोळा बसवलेला होता. आम्ही तिघे इतके निश्चल बसलो होतो, की त्याच्या लेखी खोली रिकामी होती.

समोर बसलेल्या हेमलता गुळवणींनी सवयीने हात वर करून हलवला. दिवे लागले.

“इथं असंच आहे साहेब,” त्या म्हणाल्या. “काम करताना हललं नाही की काळोख. आम्ही मधनंमधनं हात वर करतो. बाहेरनं कुणी बघितलं तर वाटेल, शाळा भरलीय.”

माझ्या शेजारी टिपणे घ्यायला बसलेली रुखसाना मुजावर हसली. मी हसलो नाही. इशारा पुरा केला, समजला का म्हणून विचारले, बाई ‘यस सर’ म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर सही केली. मग मी तो कागद पालथा घातला, खुर्ची थोडी मागे ओढली आणि मराठीत म्हणालो, “बाई, तुम्ही मिरजेच्या ना? माझं आजोळ सांगलीचं.”

हे खरे होते. म्हणूनच ते उपयोगी पडले.

“सांगलीत कुठं?”

“विश्रामबागेजवळ.”

“अगंबाई. म्हणजे आमच्या हद्दीतलेच की.” त्यांचे खांदे एखादा इंच खाली आले. पिशवीतून त्यांनी थर्मास काढला. “यंत्रातला चहा घेऊ नका साहेब, त्यात दुधाची पावडर असते. हा घरचा आहे. मॅडम, तुम्ही पण घ्या.”

कागदी पेल्यांतून आम्ही तिघांनी चहा घेतला. आल्याचा होता आणि फार चांगला होता.

या गोष्टीला नऊ वर्षे झाली. तेव्हा मी एका जागतिक बँकेच्या भारतातील विधी विभागाचा प्रमुख होतो. हाताखाली चौदा माणसे, कचेरी मुंबईत, वरिष्ठ लंडनमध्ये. त्यापूर्वी अकरा वर्षे मी विधी महाविद्यालयात पुराव्याचा कायदा शिकवला होता आणि माझा प्रबंध कबुलीजबाबाच्या ग्राह्यतेवर होता. धाकाने, आमिषाने किंवा आश्वासनाने मिळवलेली कबुली कवडीमोल असते, हे मी चारशे सदतीस पानांत, सात देशांच्या निवाड्यांच्या आधारे सिद्ध केले होते. आल्याच्या चहाचा त्यात उल्लेख नव्हता. शिवाय माझ्या प्रबंधात चहा पाजणारा नेहमी प्रश्न विचारणारा असता, उत्तर देणारा नव्हे.

रुखसाना माझीच विद्यार्थिनी, जयसिंगपूरची. तिला बँकेत मीच आणले. आणताना तिला सनद बार कौन्सिलकडे जमा करायला लावली, कारण पगारी नोकराला वकिली करता येत नाही. माझी मी आधीच जमा केलेली होती. तेव्हा काटेकोर बोलायचे तर त्या खोलीत वकील कुणीच नव्हता. गुळवणीबाई मात्र मला पहिल्या मिनिटापासून वकीलसाहेब म्हणत होत्या.

ही खोली बँकेच्या खराडीच्या ज्या केंद्रात होती, तिथे दिवसभर नावे तपासली जात. जगभरच्या शाखांत कुणी खाते उघडले, कुणी पैसे पाठवले, की संगणक ते नाव बंदी घातलेल्या व्यक्तींच्या आणि कंपन्यांच्या यादीशी ताडून पाही. थोडे साम्य दिसले तरी अलर्ट येई. मग एका माणसाने तो उघडायचा, पाहायचा, कारण लिहायचे, बंद करायचा. आदल्या वर्षाच्या अखेरीस एकाच सकाळी चार हजारांहून जास्त अलर्ट एका झटक्यात बंद केले गेले होते, आणि त्यांत एक खरा होता: एका जहाज कंपनीचा. परदेशातल्या एका नियामकाने त्यावर प्रश्नावली पाठवली होती. अलर्ट ज्या लॉगिनने बंद झाले ते गुळवणीबाईंचे होते, कारण एवढे अलर्ट एकदम बंद करण्याची मुभा त्या पाळीत फक्त त्यांना होती.

“प्रश्न सोपा आहे,” माझी लंडनची वरिष्ठ मार्गरेट फोनवर म्हणाली होती. “तिने केले का? केले असेल तर ती तसे म्हणते का? बाहेरची वकील मंडळी पाठवली तर ती घाबरेल. तू तिची भाषा बोलतोस ना?”

“बोलतो.”

“मग तूच जा.”

तिच्या त्या वाक्यात काही गैर आहे असे मला तेव्हा वाटले नाही. उलट, माझ्या मातृभाषेचा बँकेला प्रथमच उपयोग होत होता, याचे एक क्षुद्र समाधानच वाटले.

“तर त्या दिवशी काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा,” मी बाईंना म्हणालो.

“माझ्याच शब्दांत सांगणार, दुसऱ्याचे कुठनं आणू.” त्यांनी पेला खाली ठेवला. “डिसेंबरचा शेवट होता. साहेब, रोज तीनशे यायचे आणि आमच्यानं अडीचशे निघायचे. उरलेले साठत जातात. भल्लासाहेब रोज सकाळी उभ्याउभ्या मीटिंग घ्यायचे. पडद्यावर आकडा लावायचे. लाल रंगात.”

रजत भल्ला हे केंद्राचे प्रमुख. एव्हाना ते बढतीवर सिंगापूरला गेले होते.

“एक दिवस म्हणाले, नुसतं आडनाव जुळतंय असे सगळे एकगठ्ठा बंद करा. मी म्हटलं, सर, एकेक बघायचा नियम आहे. ते म्हणाले, मंजुरी घेतलीय. मी विचारलं, लेखी आहे का?”

“सगळ्यांसमोर विचारलंत?”

“सगळ्यांसमोर. बारा जण होते. मिरजेच्या बँकेत एकोणीस वर्षं काढली मी, ती बँक बुडेस्तोवर. का बुडली सांगू? तोंडी मंजुऱ्यांनी. तिथनं शिकले. तर भल्लासाहेब म्हणाले, घ्या, बघा, आणि पडद्यावरच मेल उघडली. खाली हिरवा शिक्का होता. लीगल, नो ऑब्जेक्शन.”

शेजारी रुखसानाचे पेन थांबले. माझा हात पेल्याकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

“नक्की तेच शब्द?” मी विचारले.

“आता शिक्का वाचता येणार नाही इतकी काय मी अडाणी नाही. लीगलला चालतंय म्हटल्यावर मी कोण? दाबलं बटण. माझ्याच हातानं दाबलं, नाही म्हणत नाही. एकेक उघडून बघितला नाही, तेही खरं.” त्या पुढे वाकल्या. “वकीलसाहेब, नोकरीचं होईल ते होईल. पण एवढं लिहून घ्या, की मी विचारलं होतं. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल. मी विचारलं होतं.”

“लिहून घेतोय,” मी म्हणालो.

हेही खरे होते. रुखसाना ते लिहीत होती.

त्या क्षणी पुन्हा दिवे गेले. या वेळी हात मी हलवला.

परतताना गाडी द्रुतगती मार्गाला लागली तरी मला बसवत नव्हते. काच खाली घेतली, वर घेतली. फोन उघडला, ठेवला. खालापूरला मी चालकाला विनाकारण गाडी थांबवायला लावली आणि उतरून गाडीभोवती फेऱ्या मारू लागलो. रुखसाना मांडीवर लॅपटॉप घेऊन आत बसलेली होती. तिने दार उघडले.

“सर, या बघू आत. ट्रकवाले बघायला लागलेत.”

“सापडलं?”

“सापडलं.”

दोन दिवसांचा नियम माझा होता. विधी विभागाची ख्याती विलंबासाठी होती. मी आलो आणि फर्मान काढले, की कोणत्याही खात्याने विचारणा केल्यावर विभागाने दोन कामाच्या दिवसांत उत्तर दिले नाही, तर आक्षेप नाही असे धरावे. शिक्का यंत्रणा आपणहून मारी. मौनाला संमती मानावे की मानू नये, यावर रोमन विधिज्ञांपासून वाद आहे आणि त्या वादाची दोन्ही अंगे मी वर्गात हिरिरीने शिकवली होती. परंतु लंडनला सरासरी उत्तरकाल हवा होता, आणि माझ्या नियमाने तो एका तिमाहीत निम्म्यावर आला. मार्गरेटने त्यावर जगभरच्या विभागांना एक कौतुकाचे पत्र पाठवले. ते मी चौकटीत लावले नाही, एवढाच काय तो माझा विनय.

“तेवीस डिसेंबरला भल्लांची मेल आली,” रुखसाना म्हणाली. “विभागाच्या पेटीत. सव्वीसला शिक्का पडला.”

“सुट्टीचे दिवस होते. कुणाच्या लक्षात आली नसेल.”

तिने पडदा माझ्याकडे वळवला. मेलच्या कडेला ती कुणी, केव्हा उघडली याची नोंद असे. नाव एकच होते, माझे. देवस्थळी. अकरा वाजून चाळीस मिनिटे.

मला ती मेल आठवली. मजकूर नव्हे, भाषा. भल्लांच्या त्या चार ओळींत क्रियापदाने कर्त्याशी एकदाही संबंध ठेवलेला नव्हता. सर्व आडनाव-जुळणारे एकत्र बंद करावेत काय, असा तो प्रश्न होता, आणि तो मला इतका अडाणी वाटला, की ‘नाही’ हे एकशब्दी उत्तरसुद्धा त्याच्यावर खर्च करण्याजोगे वाटले नाही. हे कुणी करणारच नाही, असे मी गृहीत धरले. मेल मिटली आणि हातातले पुस्तक पुन्हा उघडले. त्या सुट्टीत मी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांवरचा एक ग्रंथ वाचत होतो.

“सर,” रुखसाना म्हणाली, “म्हणजे बाई खरं बोलतायत.”

“बाई खरं बोलतायत यात शंका कधी होती?”

“मग वाचल्या त्या. लिहू की आपण. त्यांनी विचारलं, शिक्का दाखवला गेला, शिक्का आपला होता.”

मी गाडीत बसलो. चालकाला निघायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी टिपणाचा मसुदा टेबलावर होता. साडेतीन पाने, स्वच्छ इंग्रजी, माझीच विद्यार्थिनी. दुसऱ्या पानावर तो परिच्छेद होता. इशारा इंग्रजीत दिला, संभाषण मराठीत झाले, हेही तिने लिहिले होते. ते वाक्य मी आधी काढले. भाषा हा तपशील आहे, असे समासात लिहिले. मग मी लेखणी पुढच्या परिच्छेदावर ठेवली.

आमच्या व्यवसायात एक पवित्र वस्तू असते: वकिलाने अशिलाला दिलेला सल्ला. न्यायालय तो मागू शकत नाही, नियामक मागू शकत नाही. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदातून ‘लीगलला विचारले’ आणि ‘लीगल म्हणाले’ ही वाक्ये आम्ही वेचून काढतो, भातातले खडे काढावेत तशी. यात लबाडी नसते. शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. हिरव्या शिक्क्याचा उल्लेख हा विधी विभागाच्या मताचा उल्लेख होता. तो कापणे हे माझे कर्तव्य होते. कर्तव्य आणि सोय यांची इतकी चपखल गाठ आयुष्यात क्वचितच पडते.

रुखसाना दारात येऊन उभी राहिली. “तुम्ही सगळा परिच्छेद खोडलाय.”

“गोपनीय सल्ला आहे.”

“कुठला सल्ला?”

“शिक्का.”

“सर, सल्ला दिलाच कुठं होता आपण? उत्तरच दिलं नव्हतं. न दिलेला सल्ला गोपनीय कसा असेल?”

“मौन हाही सल्ल्याचा एक प्रकार आहे.”

“हे तुम्ही आम्हाला शिकवलं नव्हतं.”

“अभ्यासक्रमात नव्हतं.”

तिने दार लावून घेतले. आत आली, पण बसली नाही. “बरं, सल्ला म्हणू. पण संरक्षण वकिलाच्या सल्ल्याला असतं. आपण वकील आहोत? माझी सनद बार कौन्सिलच्या कपाटात आहे, तुमची पण.”

“लंडनच्या कायद्यानं आहोत.”

“आणि खराडीच्या?”

मी उठून खिडकीपाशी गेलो, परत आलो, टेबलावरची फाईल या कडेची त्या कडेला ठेवली. अकरा वर्षांत मला कुणी विद्यार्थ्याने इतके नेमके निरुत्तर केले नव्हते. शिक्षक म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता, आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही, की तो वाटला.

“निदान एवढं ठेवा,” ती म्हणाली. “‘बाईंनी लेखी मंजुरीबद्दल विचारलं.’ शिक्क्याचं नाव नको. लीगलचं नाव नको. नुसतं विचारलं.”

“मग वाचणारा पुढचा प्रश्न करील, की उत्तर काय मिळालं.”

“करू दे की.”

“रुखसाना, टिपण बँकेचं आहे.”

“ते मला ठाऊक आहे. बाईंना ठाऊक आहे का, ते विचारतेय.”

“त्यांनी सही केलीय.”

मग तिने आपली टिपणवही, त्या दिवशी खराडीत लिहिलेली, टेबलावर ठेवली. नियमाप्रमाणे अंतिम टिपण मंजूर झाले की कच्ची टिपणे नष्ट करायची असत. “ही तुमच्याकडे देते. फाडायची असली तर तुम्ही फाडा. मी नाही फाडणार.”

त्या संध्याकाळी मार्गरेटचा फोन आला. काळ्या पट्ट्या मारलेले टिपण तिला पसंत नव्हते. “पट्ट्या पाहिल्या की माणसांना कुतूहल होतं. कोरं करून पाठव.”

मी कोरे करून पाठवले. परिच्छेद गेला होता आणि तिथे परिच्छेद होता याची खूणही गेली होती. उरले ते असे: श्रीमती गुळवणी यांना इशारा देण्यात आला व तो त्यांना समजला. एकेक अलर्ट न पाहता आपण स्वतःच्या हाताने सर्व बंद केले, हे त्या मान्य करतात. त्यांतला प्रत्येक शब्द बाईंच्या तोंडचा होता. खोटे एकही अक्षर नव्हते. माझी इभ्रत अशाच गोष्टींवर उभी होती.

रुखसानाचा राजीनामा त्याच आठवड्यात आला. एका ओळीचा होता, कारण दिलेले नव्हते. ती आता सांगलीच्या न्यायालयात वकिली करते असे ऐकतो.

तीन आठवड्यांनी बाईंना बडतर्फीचे पत्र गेले. ‘स्वतःच्या कबुलीनुसार’ असे त्यात दोनदा होते, आणि ‘सचोटीचा अभाव’ असे एकदा. बँकिंगच्या जगात त्या दोन शब्दांचा अर्थ असा, की यापुढे कोणत्याही बँकेचे दार त्या माणसाला उघडणार नाही. बाईंनी अपील केले. अपिलाला विधी विभागाचा माणूस हजर असावा लागे, आणि समितीच्या अध्यक्ष, मनुष्यबळ विभागाच्या अय्यर, यांनी म्हटले की प्रकरण तुम्हांलाच माहीत आहे.

सुनावणी मुंबईत होती, अकराव्या मजल्यावर. बाई सकाळच्या बसने आल्या होत्या. निळ्या काठाची साडी, प्लॅस्टिकची फाईल, तीच पिशवी. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. मान लववून त्या बसल्या, अगदी माझ्या समोर. न्यायालयात माणूस आपल्या वकिलाला दिसेल असे बसतो तसे.

अय्यरनी पत्रातला आरोप वाचला. “तुम्ही हे मान्य केलं होतं?”

“केलं होतं, मॅडम. पण अर्धंच लिहिलंय. मी विचारलं होतं. लेखी आहे का म्हणून विचारलं होतं, आणि मला दाखवलं होतं.”

“टिपणात तसं काही नाही.”

“नाही, मी बघितलं. टाइप करताना राहिलं असेल.” बाईंनी माझ्याकडे हात केला. त्यांच्या आवाजात कुठेही तक्रार नव्हती. “पण हे साहेब होते ना तिथं. ह्यांना मी सगळं सांगितलंय. ह्यांना विचारा.”

अय्यर माझ्याकडे वळल्या. समितीतले आणखी दोघेही वळले. “विधी विभागाला काही सांगायचंय?”

माझ्याजवळ वाक्य तयार होते. ते मी सकाळपासून जुळवत होतो. गाडीत, उद्वाहनात, हात धुताना आरशासमोर. तीन उपवाक्यांचे, सावध, पण पुरेसे वाक्य. एका श्वासात संपले असते. त्यानंतर पुढचा प्रश्न आला असता, की शिक्का कुणाचा. आणि त्यापुढचा, की ती मेल कुणी उघडली होती. बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या घाई करत नव्हत्या. मी टेबलाच्या कडेवर बोटे ठेवली आणि ती तिथे ठेवलेली आहेत एवढेच मला जाणवत राहिले.

दिवे गेले.

कुणीच हलले नव्हते. पडदे ओढलेले होते, त्यामुळे काळोख बऱ्यापैकी होता. त्या काळोखात बाईंचा हात वर गेल्याची बांगड्यांवरून चाहूल लागली, आणि उजेड झाला.

“इथं पण तसंच आहे की,” बाई हळूच म्हणाल्या.

कोपऱ्यात बसलेले लिपिक लॅपटॉपवर इतिवृत्त टिपत होते. अय्यरनी घड्याळ पाहिले आणि त्यांच्याकडे मान वळवली. “विधी विभाग, आक्षेप नाही,” त्यांनी सांगितले, आणि लिपिकांनी तसे लिहिले.

अपील फेटाळायला त्यानंतर नऊ मिनिटे लागली.

बाई उद्वाहनापाशी मला भेटल्या. भेटल्या म्हणजे थांबून राहिल्या होत्या. मी जिन्याकडे वळलो होतो, पण हाक आली.

“वकीलसाहेब.”

मी थांबलो.

“तुम्ही आत बोलला नाहीत, तेव्हा काहीतरी विचार करूनच गप्प बसला असाल. आता पुढं कुठं जायचं? कोर्टात? कागद काय काय लागतील तेवढं सांगा, मी गोळा करते.”

खराडीत, त्या मसुद्यावेळी, त्या सुनावणीत जे बोलता आले नाही ते मी तिथे बोललो. आता त्याला काही किंमत पडत नव्हती, म्हणून बोलता आले.

“बाई, मी तुमचा वकील नाही. कधीच नव्हतो. मी बँकेचा माणूस आहे. तुम्ही मला सांगितलंत ते सगळं बँकेचं झालं, आणि त्यातलं बँकेला नको होतं ते मी काढून टाकलं.”

उद्वाहनाचे दार उघडले, कुणीच चढले नाही तेव्हा मिटले. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“म्हणजे त्या दिवशी कागदावरनं वाचलंत, ते हेच ना?”

“हेच. तेव्हाच मराठीत सांगायला हवं होतं. इंग्रजीत तुम्हांला नीट कळलं नसेल.”

“इंग्रजी येतं मला, साहेब. बारा वर्षं दिवसभर तेच वाचतेय.” त्या रागावलेल्या नव्हत्या. एखाद्या अलर्टचे कारण लिहावे तसे त्या सांगत होत्या, नीट, एकेक शब्द तपासून. “कळलं होतं सगळं. तुमची बाजू वेगळी, माझी वेगळी, कुणालाही दाखवतील. सही करताना म्हटलंसुद्धा मनात, की जपून बोलायचं. मग तुम्ही कागद पालथा घातलात आणि मराठीत आजोळ सांगितलंत.”

त्यांनी बटण दाबले. दार पुन्हा उघडले, आणि त्या आत जाऊन माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“मला वाटलं, इंग्रजीतलं बँकेचं होतं,” त्या म्हणाल्या, “आणि मराठीतलं तुमचं.”

रुखसानाची ती वही मी फाडली नाही. ती माझ्या घरी आहे, प्रबंधाच्या शेजारी. दुसऱ्या पानावर ‘मी विचारलं होतं’ ही ओळ तिने दोनदा अधोरेखित केलेली आहे. गेल्या नऊ वर्षांत वही मागायला कुणी आले नाही, आणि मी ती कुणाला नेऊन दिली नाही.